तिकिटाखालची ओळ

३ मार्च

धाकटे,

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात रविवारी दुपारी जेवणाची ताटं उचलली की त्याच लांब टेबलांवर आपण घरी पत्रं लिहायला बसायचो. टेबल पुसलेलं पण ओलसर असायचं, म्हणून पत्राखाली जुनं वर्तमानपत्र घ्यायचं. टोकाला खुर्चीत सिस्टर बसायच्या, मांडीवर विणकाम. पत्र झालं की पाकीट न चिकटवता त्यांच्यापुढे ठेवायचं, त्या वाचणार, मग चिकटवणार. "जिला लपवायचं काही नाही तिला डिंक कशाला?" असं त्या म्हणायच्या. मी बारा वर्षांची होते आणि मला हे फार पटायचं.

तू नऊ वर्षांची. बाकावर बसलीस की पाय जमिनीला टेकायचे नाहीत. "मी मजेत आहे. सूप चांगलं असतं. आई, काळजी करू नकोस," असं जिभेचं टोक बाहेर काढून लिहायचीस. मग पाकिटाच्या कोपऱ्यात, तिकिटाच्या जागेवर, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ लिहायचीस आणि तिच्यावर तिकीट दाबून बसवायचीस. आई घरी वाफेवर तिकीट सोडवायची. एकदा खाली होतं, "सूप घाण असतं." एकदा, "ताई रडते पण मला सांगत नाही."

एकदा जिन्यात तू मला विचारलंस, "ताई, तू मोठी होऊन लांब गेलीस की तुलाही मी असंच लिहीन. तू बघशील ना?"

मी म्हटलं, "बघीन."

एकोणीस वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले तर हेच आधी आठवलं. तुला वाटेल, हिला माझा पत्ता कुणी दिला. पत्ता माझ्याकडे नेहमीच होता. पण हे पत्र घरी येणार नाही. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पुडीतून येईल. तुमच्या चौकातल्या औषधवाल्या बाई गेल्या हिवाळ्यापासून आमच्या कामात आहेत. मागच्या महिन्यात त्या बोलता बोलता म्हणाल्या, "एक बाई येतात. आयोडीन आणि पट्टी, महिन्यातून दोनदा. विचारलं तर म्हणतात दार लागलं. सुट्टे पैसे घेताना सुद्धा 'उपकार झाले' म्हणतात, आणि पावतीच्या तीन सारख्या घड्या घालतात." तीन सारख्या घड्या. सिस्टरनी शिकवलेल्या. मी पुढचं विचारलंच नाही.

यजमान बरे आहेत ना?

त्या वेळी जे झालं ते ऑफिसातल्या टायपिस्ट मुलीच्या हातून झालं, हे मी फोनवर सांगितलंच होतं. आता त्यात शिरायला नको. एवढंच सांगायचं होतं की मी अजून इथेच आहे, आश्रयगृहाच्या वरच्या दोन खोल्यांत, आणि जूनअखेर निवृत्त होतेय.

वाचून झालं की पत्र बाईंकडेच ठेव. त्यांच्याकडे कुलपाचा खण आहे.

ताई


५ एप्रिल

धाकटे,

तू पत्र वाचलंस. वजनकाट्यामागे उभी राहून, चष्मा न लावता. बाईंनी मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, "काही म्हणाली?" त्या म्हणाल्या, "म्हणाल्या, अजून तसंच लिहिते, एक खाडाखोड नाही. मग गोळ्या घेतल्या आणि गेल्या. अहो, त्यांना रक्तदाब आहे की तुमच्या पत्राने व्हायचाय?"

या बाई अशाच आहेत. पण त्यांच्या तोंडून बाहेर काही जात नाही.

त्यांनी आणखी एक सांगितलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुमचं घर विकून तुम्ही दिरांच्या गावी जाणार. तिथे आमची माणसं नाहीत, औषधाचं दुकानही बसने जावं इतकं लांब. म्हणून लाजलज्जा बाजूला ठेवून लिहिते. त्याआधी इकडे ये.

इथलं आता पूर्वीसारखं नाही. दारावर ती मोठी निळी पाटी होती ना, ती काढली. कुणी काढायला लावली सांगू? तुझ्या लेकीने. लग्नानंतर चार वर्षांनी ती त्या सासरातून बाहेर पडली ते तुला माहीत आहे. पहिल्यांदा मला भेटायला आली तेव्हा फाटकातच थांबली. म्हणाली, "मावशी, हे काय गं? लपायच्या जागेवर एवढी पाटी? उद्या बाण पण काढाल." मी म्हटलं, लोकांना कळायला नको का. ती म्हणाली, "कळतं की. नवऱ्यांना आधी कळतं."

पाटी त्याच आठवड्यात उतरवली. आता पुढून धुलाईचं दुकान आहे. खरंच कपडे धुतले जातात, इस्त्रीही बरी होते. कपड्यांचं गाठोडं घेऊन बाई आत शिरली तर गल्लीत कोण बघणार? आत आली की मागच्या दाराने आमच्याकडे. अर्ज लिहावा लागत नाही. पालकाची सही, ओळखपत्र, कुणाची शिफारस, काही लागत नाही. बाई तोंडाने सांगते, आम्ही लिहून घेतो. नको म्हणाली तर लिहूनही घेत नाही. आणि घरच्या पत्त्यावर काहीही पाठवत नाही, चिठोरं सुद्धा नाही. निरोप औषधाच्या दुकानातून, नाहीतर शाळेच्या नर्सकडून. आधी वर्षाला चाळीसेक बायका-मुली यायच्या. गेल्या वर्षी तीनशेच्या वर आल्या. फाटकावरचे काका म्हणतात, "मॅडम, बायका वाढल्या का मार वाढला?" मी म्हटलं, दोन्ही नाही काका, दार सापडलं.

पंचावन्नच्या पुढच्या बाईला घ्यायचं नाही असा नियम होता. तिला वृद्धाश्रमात पाठवायचं. जणू त्या वयानंतर मार लागत नाही. या जानेवारीत मी समितीशी भांडून तो काढून टाकला. भांडताना डोळ्यांपुढे कोण होतं ते सांगायला नको.

तुझी लेक पोहण्याच्या तलावावर लहान मुलींना शिकवते. खांदे असे झालेत की दार अडेल. तिचा आवाज तुझा आहे. बाईंच्या दुकानातल्या फोनवर तुझ्याशी महिन्याला पाच मिनिटं बोलते, हेही मला आत्ताच कळलं. तिने मला सांगितलं नव्हतं. नसेल सांगावंसं वाटलं.

खोली तयार आहे. पूर्वेची खिडकी, एक पलंग, एक टेबल. ये.

ताई


४ मे

धाकटे,

या वेळी तू बोललीस. बाईंनी शब्द न शब्द सांगितला, त्यांना मी तशी शिस्तच लावलीय. तू म्हणालीस, "माझं नाव त्या ऑफिसात एकदा दिलं होतं. पुन्हा कुणाच्या हाती देऊ? टायपिस्टच्या?"

आणि हसलीस, असं बाई म्हणाल्या. चांगलं नव्हे, वेगळंच हसलीस.

तर ऐक. कार्डावरचं अक्षर माझं होतं.

तुला ऑफिसची पद्धत माहीत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक अर्जाला आठवड्याच्या आत पोच द्यायची, ही मीच घातलेली पद्धत. आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे अंगणात आलेल्या माणसाकडे पाठ फिरवणं, असं शाळेत शिकवलेलं. छापील कार्डं होती. वर आश्रयगृहाचं नाव ठळक, खाली मजकूर, वार आणि वेळेसाठी कोरी जागा. उघडं कार्ड. पाकिटं घ्यावीत असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्या तर नाहीच. लपवायचं काय होतं? सात वर्षं तशी कार्डं गेली. किती घरांत कुणी कुणी ती वाचली असतील, मला आता मोजवत नाही. ज्या बायका ठरल्या वेळी आल्या नाहीत त्यांच्या नावापुढे मी सुबक अक्षरात "गैरहजर" लिहीत होते आणि मनात म्हणत होते, बायकांचा निश्चय टिकत नाही.

तुझा अर्ज सोमवारच्या टपालाने आला. मुलीच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेने फॉर्म भरला होता, सही तुझी. मुलगी सतरा वर्षांची, बाप मारतो, शाळा बंद करून पुढच्या महिन्यात लग्न लावून द्यायचं म्हणतो, परीक्षा होईपर्यंत तिला ठेवून घ्यावं. वर लिहिलं होतं, "माननीय अधीक्षक यांस."

ताई नाही. माननीय अधीक्षक.

मला ते लागलं, धाकटे. तुझ्या लग्नाआधी मी तुला म्हटलं होतं, "हा माणूस हसताना डोळ्यांनी हसत नाही. उद्या माझ्याकडे रडत येऊ नकोस." तू आली नाहीस. बावीस वर्षांची होतीस तेव्हाही नाही, पुढेही नाही. आणि आता अर्ज, परक्या बाईला करावा तसा. मी मनात म्हटलं, बरं, अधीक्षकांना लिहिलंस ना, मग अधीक्षकच उत्तर देतील. शिवाय नात्यातल्या माणसाला रांगेपुढे घेतलं असं समितीत कुणी बोलायला नको. अशी कारणं मला नेहमी लगेच सापडतात.

दोन बस बदलल्या असत्या तर त्याच दुपारी तुझ्या दारात असते.

मी कार्ड काढलं. "आपला अर्ज मिळाला. मुलीसह शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयात हजर राहावे." शुक्रवार आणि अकरा मी हाताने भरलं, पत्ता मी लिहिला. टायपिस्ट मुलीने ते फक्त टपालपेटीत टाकलं. मी रजेवर नव्हते. मी एकही दिवस रजेवर नव्हते.

गुरुवारी कार्ड तुमच्याकडे पोचलं. पुढचं तुला माहीत आहे, मला निम्मंच माहीत आहे.

मुख्याध्यापिकेच्या तक्रारीवरून चौकशी झाली, आपलं नातंही तिथेच कळलं. समितीने विचारलं, कार्ड कोणी पाठवलं. ती एकोणीस वर्षांची मुलगी उभी राहून म्हणाली, "मी. मीच टाकलं पेटीत." तिला वाटलं तेच विचारतायत. मी तिच्या शेजारी बसले होते. मी माझ्या पेनाचं टोपण लावलं. तिला महिनाअखेर घरी पाठवलं. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली, म्हणाली, "मॅडम, तुमच्या बहिणीचं माझ्यामुळे..." आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आणखीही एक आहे. आज नाही लिहवत.

ताई


१ जून

धाकटे,

या पत्रात खाडाखोड आहे. दुसरं उतरवून काढणार नाही.

बाई म्हणतात, मागचं पत्र वाचून तू ते परत खणात ठेवलंस, दोन मिनिटं वजनकाट्यावर नुसती उभी राहिलीस, काटा बघत. "छप्पन्न किलो," म्हणालीस आणि गेलीस.

मी आज तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. कारण मला कळून चुकलंय की मी कुठे अडकलेय. तू इथे यावंस म्हणून मला खरं सांगायला हवं. आणि खरं सांगितलं तर तू येणारच नाहीस, जुलैत त्याच्याबरोबर त्या गावी जाशील, आणि पुढचं आयोडीन तुला कोण देईल देव जाणे. इतके महिने मी या दोन्हींच्या मधे बसून सुंदर अक्षरात पत्रं लिहीत होते. आता सांगते. पुढचं तू ठरव.

टपालाची तिकिटं मी फेकत नाही, शाळेपासूनची सवय. इथल्या मुलींसाठी एक वही केलीय. आठवड्याभराच्या पाकिटांचे कोपरे कापून ठेवायचे आणि रविवारी दुपारी बशीत कोमट पाण्यात टाकायचे. तिकिटं सुटून तरंगतात.

कार्ड सोमवारी गेलं. शुक्रवारी अकरा वाजता कुणी आलं नाही. मी "गैरहजर" लिहिलं. होय, तुझ्या नावापुढे. रविवारी बशी घेऊन बसले. एक तिकीट सुटलं आणि खालच्या कागदावर मुंगीएवढी अक्षरं होती. शाई पसरत चालली होती, पण वाचता आली.

"ताई, घरी काही पाठवू नकोस. तू ये. ऑफिसात नातं कळू नये म्हणून असं लिहिलं."

तुझं सगळं "माननीय अधीक्षक" माझ्यासाठी होतं. माझ्या कारकुनांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून. मी ज्यावर सोमवारी रागावले ती तुझी माया होती, आणि जे वाचायचं होतं ते तिकिटाखाली होतं. फॉर्मवर "घरी पत्र पाठवू नये" असं लिहायला जागाच नव्हती. ती मी ठेवली नव्हती. तुला वाटलं, ताई आहे, ताई बघेलच. मी बघीन म्हटलं होतं.

अजून संपलं नाही. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून शेवटी ठेवलं.

त्या रविवारी मुलीचं लग्न झालेलं नव्हतं. ते बुधवारी झालं. सोमवारी सकाळी मी तुमच्या घरी फोन केला. तुझ्या नवऱ्याने उचलला. यजमान लिहायचा मला आता कंटाळा आला. तो शांतपणे म्हणाला, "नमस्कार ताई. अक्षर छान आहे हो तुमचं. कॉन्व्हेंटचं, नाही का? मुलगी काकाकडे गेलीय. शुभकार्य आहे. तुम्हाला आमंत्रण पाठवू? का कार्ड पुरेल?"

सोमवार आणि मंगळवार, दोन दिवस माझ्या हातात होते. पोलिसांत जायचं, मुलगी सज्ञान नाही म्हणून सांगायचं, गाडी घेऊन त्या गावी जायचं. दुसऱ्यांच्या मुलींसाठी मी हे केलेलं आहे. पण तक्रारीला पुरावा लागतो. अर्ज, पाकीट, सगळं. आणि पाकिटावरच्या त्या ओळीबरोबर हेही आलं असतं की सख्ख्या बहिणीने विनवून सांगितलं तरी अधीक्षकबाईंनी कार्ड पाठवलं. मी स्वतःला सांगितलं, गुरुवारी समितीची बैठक आहे, तिथे रीतसर मांडू.

गुरुवारी मांडायला काही उरलं नव्हतं.

दहा दिवसांनी तू कुठल्याशा दुकानातून फोन केलास. रडली नाहीस. एकच विचारलंस, "ताई, तिकीट काढून बघितलं होतंस?"

मी म्हटलं, "कसलं तिकीट? अगं, मी रजेवर होते, कार्ड टायपिस्टने पाठवलं."

तू फोन ठेवलास. एकोणीस वर्षं.

ती ओळ लिहिलेला कागद माझ्याकडे आहे, वाळवून वहीच्या शेवटच्या पानाला लावलेला. इथल्या मुली विचारतात, "मॅडम, इथलं तिकीट कुठे गेलं?" मी म्हणते, हरवलं.

मी सुधारलेलं सगळं तुला एप्रिलात मोठ्या तोऱ्यात लिहिलं. पाटी, मागचं दार, तोंडी अर्ज. त्यातली एकेक गोष्ट म्हणजे तुझ्याशी मी जे केलं त्याची एकेक पायरी उलटी चालणं आहे. तीनशे बायकांना दार सापडलं. पहिलीला मी बाहेरच ठेवलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल. फक्त ये. माझ्यासाठी येऊ नकोस. त्या माणसाबरोबर त्या गावी जाऊ नकोस.

ताई


गुरुवार, २६ जून

धाकटे,

हे पत्र गोळ्यांच्या पुडीतून येणार नाही. माझ्या जागी आलेल्या नव्या बाई हे उद्या तुझ्या हातात देतील. पलंगावर बसून, चष्मा लावून वाच. इथे कुणी घाई करणार नाही.

तुझं पाकीट मंगळवारी आलं. औषधवाल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, "पत्र वाचलं. मग म्हणाल्या, एक पाकीट आणि तिकीट द्या. पेन माझंच नेलं. परत दिलं नाही, सांगून ठेवा." पाकिटात पत्र नव्हतं. ते कार्ड होतं. एकदा फाडून मागून चिकटपट्टीने जोडलेलं, पिवळं पडलेलं. शुक्रवार, सकाळी ११, माझ्या हातचं. म्हणजे त्याने फाडलं आणि तू कचऱ्यातून उचललंस. म्हणजे तू फोन केलास तेव्हा ते तुझ्याजवळ होतं. तुला सगळं माहीत होतं. तू मला फक्त खरं बोलायची संधी दिली होतीस.

बराच वेळ ते समोर घेऊन बसले. नवी बाई दोनदा डोकावून गेली. बत्तीस वर्षांची पोर आहे, मला मॅम म्हणते आणि सगळं मोबाईलवर लिहिते, पण माणूस बरोबर ओळखते. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "मॅम, पाकिटात पत्र नाही म्हणता, मग पाकीट कशाला धरून बसलात?"

मी उठले आणि किटली ठेवली.

या वेळी वाफेवर धरलं, पाण्यात टाकलं नाही. अक्षरं तशीच मुंगीएवढी आहेत. "शुक्रवारी ११ ला येते. तो घराच्या कागदांसाठी जातोय. टेबलामागे तू नकोस."

ठीक आहे.

मी सोमवारपर्यंत थांबणार होते, निरोप समारंभ होता, काकांनी भाषण पाठ केलंय. ते त्यांनी मला आज फाटकात उभं राहून म्हणून दाखवलं, दोन जागी अडले. मी आज दुपारच्या बसने जातेय. खोली घेतलीय एक, तुमच्या गल्लीपासून आणि इथूनही लांब. पत्ता कुणाकडे ठेवलेला नाही. हवा असेल तर औषधवाल्या बाईंना माझा आवाज ओळखता येतो, आणि माझ्याही गोळ्या आता त्यांच्याकडूनच येतात.

तुझ्या लेकीला मी रविवारी फोनवर सगळं सांगितलं. टायपिस्टचं, तिकिटाचं, त्या दोन दिवसांचं. तिकडून तलावातल्या मुलींचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या टायपिस्टला मनातल्या मनात माफ करत होते, मावशी. फार मोठं मन आहे माझं, असं वाटायचं मला." आणि मग, "आता माझ्याशी काही दिवस बोलू नकोस." तुझ्या शुक्रवारचं नव्या बाईने तिला मंगळवारीच कळवलं, बुधवारी तिचा एका ओळीचा निरोप आला. रजा मिळाली आहे, शुक्रवारी दहा वाजता ती इथे असेल. तेव्हा अकराला तू आत येशील तेव्हा टेबलामागे नवी बाई असेल आणि टेबलापुढे तुझी मुलगी. तिच्या खांद्यांकडे बघून घाबरू नकोस.

धुलाईच्या दुकानातून ये. हातात दोन कपडे असू देत. त्याचे शर्ट आणलेस तरी चालतील, इस्त्री करून ठेवून घेऊ, परत करायची घाई नाही.

आता कुणाला काय द्यायचं ते लिहिते. एक प्रत नव्या बाईकडे आहे.

पुढच्या, मागच्या आणि वरच्या दाराच्या किल्ल्या नव्या बाईला. मागच्या दाराची किल्ली फिरवताना दार थोडं उचलावं लागतं, एरवी आवाज होतो आणि रडत आलेली बाई दचकते. तेल घालून पाहिलं, उपयोग नाही. उचलायचंच.

हजेरीचं जुनं रजिस्टरही तिला. ज्या नावांपुढे "गैरहजर" लिहिलंय ती एकशे अठरा नावं आहेत, मी खूण केलीय. त्यांतल्या एकवीसजणींचा पत्ता मी या वर्षांत काढला. उरलेल्यांचा तिने काढावा. घरी पत्र न पाठवता.

समितीला मी लिहून दिलेला कबुलीजबाब, सही-शिक्क्यासह, दोन प्रतींत आहे. एक समितीकडे सकाळीच पोचली. दुसरी टायपिस्ट मुलीला. ती आता मुलगी राहिलेली नाही, स्टेशनाजवळच्या कोर्टाच्या आवारात तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. नव्या बाईने स्वतः न्यायची, टपालाने नाही. त्याच्या शंभर प्रती काढून तिने कोर्टभर वाटल्या तरी माझी हरकत नाही. माझं पेनही तिलाच. टोपणासकट.

खिडकीतली रोपं काकांना. ते कुंड्यांत खूप पाणी ओततात, तरी त्यांनाच.

औषधवाल्या बाईंना एक नवं पेन.

तिकिटांची वही इथल्या मुलींना. शेवटचं पान मी काढून घेतलं आहे आणि ते याच पाकिटात आहे. ते तुझ्या लेकीचं. ती ओळ तिच्यासाठी लिहिली होती, तिला वाचू दे.

पूर्वेची खोली, पलंग, टेबल, दोन पांघरुणं आणि किटली तुला. किटलीचं झाकण सैल आहे, ओतताना बोट लाव. नियम कुणी दाखवला तर जानेवारीचा ठराव खणात वरच आहे.

सगळं वाटून झालं. ते कार्ड तेवढं कुणाला देत नाही. तू परत पाठवलंस, मला पोचलं. मी ते बरोबर नेतेय.

ताई